झाकण बसेना! सीएनसीचं माप नेमकं कुठे मार खातं?

(करंडा हातात धरून)
नमस्कार मंडळी! हा सागवानाचा हळदी-कुंकवाचा करंडा. आईसाठी सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या मशीनवर, करायला घेतला होता. झाकण असं ठेवलं की बसतं. आता पाव वळसा फिरवतो... अडकलं. बघितलंत? डिझाइनमध्ये दोन्ही चक्क गोल आहेत, ६० मिमीचे, आणि झाकणात ०.१ मिमी मोकळीकही ठेवली होती.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. वाय दिशेला ६०, एक्स दिशेला ५९.८६. मग मी काय केलं? सगळे करतात तेच. मशीनच्या सेटिंगमध्ये गेलो आणि $१०० नावाच्या सेटिंगचा, म्हणजे एक्समध्ये १ मिमी सरकायला मोटरने किती स्टेप घ्यायच्या तो, आकडा ८०० वरून ८०१.८७ केला. करंडा जमला! मी खूश. दुसऱ्या दिवशी २०० मिमीची पाटी कापली, तर ती भरली २००.३ च्या वर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

कारण तो ८०० काही अंदाजपंचे टाकलेला नसतो. आपल्या ३०१८ या छोट्या मशीनची मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे १६ भाग करतो, झाले ३२००. मोटरला जोडलेला लांब स्क्रू एका फेऱ्यात मशीनची गाडी, म्हणजे सरकणारा भाग, ४ मिमी सरकवतो. ३२०० भागिले ४, म्हणजे ८००. तुमचा स्क्रू ८ मिमीवाला असेल तर ४००. हिशेब जुळत असेल तर त्या आकड्याला हात लावू नका. बेल्टवाल्या मशीनचं गणित वेगळं, ते आज नको.

तर आधी रोग ओळखायचा. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचा, तुकडा घ्या, सागवान वाया घालवू नका. एक चौकोन २० मिमीचा, एक १०० चा. चूक दोन्हींत सारखीच असेल तर स्टेप्सचा संबंध नाही. लांबीबरोबर चूक वाढत गेली, तरच स्टेप्सवर संशय घ्या.

आता त्याच मापाचा एक खड्डाही कोरा. इथे खरी गंमत आहे. बाहेरून कापलेला चौकोन मोठा आणि खड्डा लहान आला, तर तुमचा बिट, म्हणजे कापणारं पातं, सांगितलाय त्यापेक्षा बारीक आहे. पाकिटावर ३ मिमी लिहिलं म्हणून तो ३ चाच असतो असं नाही. उलट झालं, चौकोन लहान आणि खड्डा मोठा, तर बिट कॉलेटमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या चिमट्यात, वाकडा फिरतोय. कॉलेट काढा, भुसा झटका, परत लावा. आणि दोन्ही लहान आले, तर मशीनमध्ये झोल आहे, म्हणजे बॅकलॅश: दिशा बदलली की सुरुवातीची थोडी हालचाल वाया जाते. माझ्या करंड्याला तोच आजार होता, फक्त एक्समध्ये. म्हणून बूड आणि झाकण, दोन्ही एकाच दिशेने चपटे.

(क्लोजअप: डायल गेज)
आता झोल मोजू. एक्सला ०.१ ने पुढे, अजून पुढे, काटा नीट हलायला लागला की गेज शून्यावर. आता उलट ०.१. काटा? ढिम्म. अजून ०.१... आता हलला, ०.०६. सांगितलं ०.२, सरकलं ०.०६, मधले ०.१४ झोलाने खाल्ले. वर करंड्यात किती कमी भरलं होतं? तेवढंच!

मशीन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे जीआरबीएल; मूळ जीआरबीएलमध्ये हा झोल भरून काढायची सोय नाही, तेव्हा एलन की घ्या. सगळ्यांची नजर पहिल्यांदा पितळी नट आणि त्याच्या स्प्रिंगकडे जाते, मीही तेच केलं. पण गाडी हाताने एक्सच्या दिशेने मागेपुढे ढकला आणि नजर स्क्रूवर ठेवा. हे बघा, गाडीबरोबर अख्खा स्क्रूच मागेपुढे होतोय! त्याला मोटरशी जोडणाऱ्या कपलरचा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू, सैल होता. नट बिचारा निर्दोष. घट्ट केल्यावर झोल ०.०३ वर आला, आणि $१०० गुपचूप परत ८०० केला.

मशीन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, तेही बघून घ्या. सुतारमंडळींचं ३-४-५ आहेच: एका कडेवर ९० मिमी, दुसरीवर १२०, कर्ण १५० भरला पाहिजे.

आणि घाई नको. या मशीनची फ्रेम काही ओतीव लोखंडाची नाही, जोर पडला की वाकते. आधी ०.२ मिमी जास्तीचं ठेवून कापा, मग शेवटचा हलका हात फिरवा. कडही स्वच्छ येते.

०.०३ चंही शून्य करायला मी बसलेलो नाही. सागवान चांगलं लाकूड, पण पावसाळ्यात तेही थोडं फुगतंच. म्हणून झाकणात आता ०.१ ऐवजी ०.२५ मोकळीक ठेवतो. नवीन करंडा आत्ता मशीनवर आहे, तो आवाज येतोय ना मागून, तोच.