सात वर्षांचा अर्थसंकल्प आणि मधेच येणारी संकटं

मित्रहो,

युरोपीय संघाचा दीर्घकालीन अर्थसंकल्प सात वर्षांसाठी बांधला जातो. सध्याचा २०२१ ते २०२७ या काळाचा आहे. २०१८ च्या किमतींनुसार तो सुमारे १,०७४ अब्ज युरोंचा. हे आकडे जुलै २०२० मध्ये, चार दिवस-चार रात्री चाललेल्या शिखर बैठकीत ठरले. तेव्हा टेबलावर कोविड होता, युक्रेनचं युद्ध नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केलं आणि पुढे चाळीस लाखांहून जास्त माणसं संघाच्या देशांत आश्रयाला आली. त्यांना तात्पुरतं संरक्षण देणारा कायदा २००१ पासून पडून होता, तो ४ मार्च २०२२ रोजी पहिल्यांदा लागू झाला. कायदा सापडला, पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरला.

तो अवघड का, हे सांगतो. सदस्य देशांचं एकमत आणि युरोपीय संसदेची संमती असल्याशिवाय हा आराखडा मंजूर होत नाही. खर्चाच्या प्रत्येक विभागाला वरची मर्यादा ठरलेली असते. शिवाय संघाच्या अर्थसंकल्पात तूट चालत नाही, जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत. आपल्याकडेही वित्त आयोग पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे आकडे ठरवतो, पण मोठं संकट आलं तर केंद्र सरकार कर्ज काढू शकतं. संघाला ती मुभा सहज मिळत नाही. कोविडसाठी ७५० अब्जांचं कर्ज काढलं, ते अपवाद म्हणून.

तरीही या सात वर्षांच्या शिस्तीला मी नावं ठेवणार नाही. १९८८ मध्ये पहिला बहुवार्षिक आराखडा आला, त्याआधी दरवर्षी अर्थसंकल्पावरून भांडणं होत. शेतकरी, मागास प्रदेश, संशोधन संस्था यांना पुढच्या पैशाची खात्री लागते, आणि ती या आराखड्याने दिली.

अडचण पहिल्यांदा उघडी पडली २०१५-१६ मध्ये. हजारो निर्वासित ग्रीसमध्ये अडकले होते. संघाचा मानवीय मदतीचा पैसा कायद्याने फक्त संघाबाहेरच्या देशांसाठी होता. म्हणजे लेबनॉनमध्ये तंबू देता येत होता, ग्रीसमध्ये नाही. मार्च २०१६ मध्ये घाईने नवा नियम करून ती वाट मोकळी करावी लागली. तुर्कस्तानातल्या निर्वासितांसाठी ३ अधिक ३ अशी ६ अब्ज युरोंची वेगळी व्यवस्था झाली, सीरिया आणि आफ्रिकेसाठी न्यास निधी उभे राहिले. मदत पोहोचली, हे खरं. पण असे निधी अर्थसंकल्पाच्या बाहेर वाढत गेले आणि संसदेची देखरेख पातळ होत गेली. घाईत काढलेल्या वाटांचा हा तोटा असतो.

२०२२ मध्ये मात्र एक गोष्ट चांगली झाली. २०१४-२० च्या प्रादेशिक विकास निधीतला शिल्लक पैसा निर्वासितांच्या निवाऱ्यावर, शाळेवर, उपचारांवर खर्च करायची परवानगी काही आठवड्यांत मिळाली. स्थानिक यंत्रणा आधीच उभी होती, म्हणून ते जमलं. पण हा पैसा नवा नव्हता. रस्त्याचा, प्रशिक्षणाचा, कुणाचा तरी होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जून २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, संपूर्ण आराखडाच दुरुस्त करायचा प्रस्ताव मांडला. डिसेंबरच्या बैठकीत हंगेरीने नकाराधिकार वापरला, बाकीचे २६ तयार होते. १ फेब्रुवारी २०२४ ला अखेर एकमत झालं. युक्रेनसाठी ५० अब्ज : ३३ अब्ज कर्ज, १७ अब्ज अनुदान. एका देशाच्या नकाराची किंमत कुणी मोजली? २०२३ सालची युक्रेनची १८ अब्जांची कर्जयोजना डिसेंबरातच संपली होती आणि नव्या योजनेचा पहिला हप्ता मार्चमध्ये पोहोचला. युद्धात असलेल्या देशाला पेन्शन, शिक्षकांचे पगार, दवाखाने चालवायचे असतात. त्यांना तीन महिने थांबा सांगणं मला क्रूर वाटतं.

त्या कराराचा दुसरा भाग बातम्यांत फारसा आला नाही. १०.६ अब्ज युरो इतर योजनांमधून काढून घेतले. संशोधनातून २.१ अब्ज, आरोग्य कार्यक्रमातून १ अब्ज, आणि सर्वांत मोठा वाटा, ४.५ अब्ज, संघाबाहेरच्या जगासाठी राखलेल्या विभागातून. एका संकटग्रस्ताचा घास काढून दुसऱ्याच्या ताटात वाढावा, तसं हे झालं. याला लवचिकता म्हणायला माझं मन तयार नाही.

खरी लवचिकता राखीव निधीत असते. २०२१ पासून दोन जुने निधी एकत्र करून वर्षाला १.२ अब्जांचा एकच ठेवला होता : सदस्य देशांतल्या महापुरांसाठीही तोच आणि बाहेरच्या आणीबाणीसाठीही तोच. मग जर्मनी-बेल्जियमचा पूर, तुर्कस्तानचा भूकंप, युक्रेन, सगळे त्याच दारात. दुरुस्तीत आयोगाने या निधीसाठी २.५ अब्जांची वाढ मागितली, मिळाली १.५. निदान दोन्ही निधी पुन्हा वेगळे केले, ते योग्य झालं. त्यातला एक जुना नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : वार्षिक रकमेचा किमान चौथा हिस्सा १ ऑक्टोबरपर्यंत शिल्लक ठेवायचा. वर्षाच्या शेवटी येणारं संकट कमी महत्त्वाचं नसतं, हे कुणीतरी ओळखलं होतं.

जुलै २०२५ मध्ये २०२८-३४ चा प्रस्ताव आला, जवळपास २,००० अब्जांचा. मानवीय मदत, विकास आणि शेजारी देशांशी संबंध हे सगळं २०० अब्जांच्या एकाच साधनाखाली, म्हणजे एकाच निधीत, आणायचं त्यात म्हटलं आहे. पैसा झटपट हलवता येईल, हा युक्तिवाद. माझी भीती उलटी आहे. व्यापाराचं आणि स्थलांतर रोखण्याचं राजकारण ज्या पेटीत असेल, त्याच पेटीत उपाशी माणसाचं अन्न ठेवलं तर त्याचा नंबर शेवटी लागेल. संघाने २००७ मध्ये मान्य केलेलं तत्त्व असं होतं की मानवीय मदत ही राजकीय हत्यार नाही, ती गरजेप्रमाणे द्यायची. २०२५ मध्येच अमेरिकेने आपली परदेशी मदत यंत्रणाच गुंडाळली. सुदान आणि गाझामधल्या लोकांना आता युरोपकडे बघण्यावाचून फारसा पर्याय नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की मानवीय मदतीची रक्कम या मोठ्या साधनात वेगळी बांधून ठेवावी, ती इकडे-तिकडे वळवता येऊ नये. राखीव निधी विभागांच्या मर्यादेबाहेर ठेवावा आणि न खर्चलेली रक्कम आराखड्याच्या अखेरपर्यंत पुढे न्यावी. आणि आणीबाणीत त्यातून पैसा काढण्यासाठी एखाद्या सरकारचा नकार पुरेसा ठरू नये. एकमताचा नियम आराखडा मंजूर करताना राहील, कारण तो संघाच्या मूळ करारातच आहे. पण संमती देण्याचा अधिकार संसदेकडेही आहे, आणि २०२७ संपण्याआधी मतदान करताना या तीन गोष्टी नसतील, तर तिने संमती अडवून धरावी.