कांगारूचा पान्हा

श्रोतेहो, नमस्कार! आज कांगारूच्या दुधाबद्दल बोलायचंय, आणि हा विषय मला इतका आवडतो ना की कुठून सुरू करू असं होतं.

ऑस्ट्रेलियातली लाल कांगारू मादी घ्या. ३३ दिवसांत पिल्लू जन्मतं, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, तसंच ते पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरत धरत पिशवीत शिरतं, चारपैकी एक सड तोंडात धरतं आणि मग कित्येक आठवडे सोडतच नाही. तेव्हाच आधीचं पिल्लू बाहेर उड्या मारत असतं, मधूनच पिशवीत डोकं खुपसून आपल्या ठरलेल्या सडाला पितं. धाकट्याला पातळ, साखर जास्त असलेलं दूध, थोरल्याला घट्ट, फॅटवालं. एकाच आईचं, एकाच वेळी!

आता पान्हा कसा सुटतो बघा. वासरानं ढुसण्या दिल्या की गाय पान्हा सोडते, ते ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे. कांगारूत त्याच्या जागी मेसोटोसिन असतं, दोन्ही हार्मोन नऊ अमिनो आम्लांची बनलेली, त्यांत एकाचाच फरक. रक्तातून ते दोन्ही पिल्लांच्या सडांमागच्या दूधग्रंथींना सारखंच पोचतं. मग धाकटं चोखतंय म्हणून थोरल्याचंही दूध का सुटत नाही?

कारण रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या त्या जागा जिथे हार्मोन चिकटून आपला निरोप देतं. १९८१ साली लिंकन आणि मेरिलिन रेनफ्री या शास्त्रज्ञांनी अजाइल वॉलबी या कांगारूच्या भावकीतल्या प्राण्यावर हे तपासलं, तर धाकट्याची ग्रंथी अगदी थोड्या हार्मोनवरही दूध सोडायची, थोरल्याच्या ग्रंथीला जास्त डोस लागायचा. पुढे टॅमार वॉलबी या दुसऱ्या जातीत दिसलं की सुरुवातीच्या काळात ग्रंथीत मेसोटोसिनचे रिसेप्टर दाट असतात, नंतर विरळ होतात. म्हणजे एवढ्याशा जिवाचं चोखणं कितीही हलकं असो, त्याला दूध मिळतंच, आणि थोरल्याचं दूध साठून राहतं, तो येऊन जोरात लुचला, हार्मोन भरपूर सुटलं की मगच येतं. मला तर ही व्यवस्था थक्क करते.

आणि दुधाचा कस आईच्या वेळापत्रकाने बदलतो. टॅमारचं लहान पिल्लू पुढच्या टप्प्यातल्या दुसऱ्या आईला लावलं तरी तिचं दूध मागच्या टप्प्यावर येत नाही, उलट पिल्लूच भराभर वाढतं.

तिकडे गाडीखाली मादी मेली तर प्राणिमित्र तिची पिशवी तपासतात, पिल्लू वाचलं असेल तर त्याच्या वयाप्रमाणे वेगवेगळी दूध पावडर देतात. तुमचं कोणी मेलबर्न-सिडनीला असेल तर सांगून ठेवा, असं पिल्लू सापडलं तर गाईचं दूध अजिबात पाजू नका, त्यातलं लॅक्टोज त्याला पचत नाही, आधी प्राणिमित्रांना फोन करा.