अल स्मिथ: मासळीबाजारातून विधानसभेत

श्रोतेहो, नमस्कार. अल स्मिथ म्हटलं की १९२८ सालची अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक आणि हूवर यांच्याकडून झालेला त्यांचा पराभव, एवढंच सांगितलं जातं. मला त्याआधीचे स्मिथ जास्त मोलाचे वाटतात.

जन्म १८७३चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. वडील गाडीवान. ते लवकर गेले, शाळा सुटली, आणि हा मुलगा पुढं फुल्टन मासळीबाजारात कामाला लागला. टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बदनाम यंत्रणेनं १९०४ साली त्यांना न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या विधानसभेत पाठवलं. विधेयकांची भाषा सुरुवातीला काही केल्या उमजेना. मग रात्री खोलीत बसून ते एकेक विधेयक वाचून काढू लागले. टॅमनीचा माणूस म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही मेहनतही बघायला हवी.

२५ मार्च १९११ला न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरच्या एका दाराला कुलूप होतं. १४६ कामगार गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या तरुण पोरी. काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. स्मिथ मृतांच्या घरी जाऊन आले. पुढं चौकशी आयोग नेमला गेला. रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष, स्मिथ उपाध्यक्ष. कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स या बाईंनी त्यांना कारखाने फिरवून दाखवले. ऑबर्नच्या दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या थकलेल्या बायका स्मिथ यांनी स्वतः उभं राहून पाहिल्या.

आठवड्याच्या सुट्टीचा कायदा येताच डबाबंद फळं-भाज्यांच्या कारखानदारांनी सवलत मागितली. स्मिथ कट्टर कॅथलिक. विश्रांतीचा वार पाळा ही देवाची आज्ञा मी नीट वाचली आहे, तिच्यात डबाबंद मालाच्या कारखान्यांना कुठंही सूट दिलेली नाही, असं त्यांनी ठणकावलं!

स्मिथ चार वेळा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले. १९१९ साली त्यांनी पर्किन्सबाईंना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमलं. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्याच बाईंना देशाच्या कामगारमंत्री केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री. स्मिथ मात्र तोवर रूझवेल्ट यांच्यापासून दुरावत चालले होते, आणि १९३६च्या निवडणुकीत तर त्यांनी रूझवेल्ट यांच्या विरोधात प्रचार केला. याचं मला फार वाईट वाटतं, कारण रूझवेल्ट यांची कामगारविषयक धोरणं स्मिथ यांनीच ऑल्बनीत घातलेल्या पायावर उभी होती.