कोर्लई : गडाखालची बोली

[ड्रोन दृश्य : कोर्लईचा डोंगर, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी]

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे, डोंगराची ही चिंचोळी सोंड थेट पाण्यात उतरलेली आहे. तिच्या पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे, पूर्वेला खाडी आहे, आणि माथ्यावर टोकापासून टोकापर्यंत तटबंदीची एक रेघ ओढलेली दिसते. सुट्टीच्या दिवशी येथे येणारे बहुतेक जण ही रेघ पाहण्यासाठी येतात, गड चढतात, दीपगृहापाशी छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परततात. गडाच्या पायथ्याशी कौलांचा जो पुंजका दिसतो आहे, ते कोर्लई गाव. त्याच्याकडे आपण येणारच आहोत, पण तिथवर नेणारा रस्ता स्वतःच इतका जुना आहे की त्याला वगळून पुढे जाता येणार नाही.

[दृश्य : मांडवा धक्का, सकाळ]

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी मांडव्यापर्यंतचा पाण्यावरचा प्रवास सोयीचा आहे, मात्र पावसाळ्यात प्रवासी लाँच बंद असतात. मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी, एवढी दोन वाहने धरली की दुपारच्या आत कोर्लई गाठता येते.

[दृश्य : आक्षी, शिलालेखाचा दगड]

अलिबाग सोडल्यावर थोड्याच अंतरावर आक्षी लागते. वर सूर्य आणि चंद्र कोरलेला हा उभा दगड मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. त्यावरील शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला जातो, आणि हे वाचन सर्व अभ्यासकांना मान्य नसले तरी लेखातील राजाचे बिरुद ऐकण्यासारखे आहे. केसीदेवराय या शिलाहार राजाला येथे ‘पश्चिमसमुद्राधिपती’ म्हटले आहे. आपली भाषा दगडावर उमटू लागली तेव्हाही या किनाऱ्याचा धनी स्वतःची ओळख समुद्रावरून सांगत होता.

[दृश्य : चौलच्या वाड्या, पोफळीतून जाणारा रस्ता]

नागावनंतर चौल येते. आज नारळीपोफळीच्या सावलीत पहुडलेले हे गाव बघून विश्वास बसणार नाही, पण प्राचीन ग्रीक लेखकांना हे बंदर ‘सेमुल्ला’ या नावाने ठाऊक होते आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ते ‘चेमुल’ म्हणून येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचे राज्य होते, आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या घराण्यांचे सुमारे दहा हजार मुसलमान या बंदरात राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांतील कित्येक जण येथेच जन्मले होते, इथल्या बायका करून इथेच स्थायिक झाले होते. परक्या किनाऱ्यावरून यावे, इथे घर करावे आणि इथलेच होऊन जावे, हा या गावाचा फार जुना रिवाज आहे, हे पुढे कोर्लईत उपयोगी पडेल म्हणून येथेच लक्षात ठेवावे.

[दृश्य : रेवदंडा, शाळेच्या आवारातील स्मारकस्तंभ]

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन हॉर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोड्याला हिंदुस्थानात चांगली किंमत येते, असे त्याने ऐकले होते. तो घोडा जुन्नरच्या सुभेदाराने जप्त केला, पुढे बऱ्याच खटपटीनंतर परत मिळाला, आणि सगळ्या व्यवहारात निकितिनच्या हाती नफ्यापेक्षा प्रवासवर्णनच अधिक लागले. त्याच्या आठवणीसाठी २००२ साली उभारलेला हा स्तंभ रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे, आणि मधल्या सुट्टीत मुले त्याच्याभोवतीच खेळतात.

[दृश्य : रेवदंड्याची वेस, तटातून जाणारी एसटी]

जुन्या चौलचे समुद्राकडील अंग म्हणजे रेवदंडा. अलिबागचा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, त्यामुळे एसटीत बसलेल्या माणसाला आपण किल्ल्यात आलो हे पुष्कळदा कळतही नाही. १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानांचे आणि गुजरातच्या मलिक अयाझचे आरमार पोर्तुगिजांवर चालून आले, आणि पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. त्यानंतर तेरा वर्षांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे कोट बांधायला घेतला आणि १५२४ पर्यंत तो पूर्ण झाला. पुढे मुर्तझा निजामशहाने १५७०-७१ मध्ये त्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही.

[दृश्य : सातखणी मनोरा, खालून वर]

तटाच्या आत आता वाड्या आहेत, विहिरी आहेत, रहाट आहेत. झाडांच्या शेंड्यांवर डोके काढून उभा असलेला हा मनोरा फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा. लोक त्याला सातखणी म्हणतात. सात मजल्यांपैकी आता चार उरले आहेत, चिऱ्यांच्या सांध्यांतून मुळे उतरली आहेत, आणि पायथ्याशी पडलेले तोफगोळे कोणीतरी नुकतेच ठेवून गेल्यासारखे दिसतात.

[दृश्य : खाडीवरचा पूल, समोर कोर्लईचा डोंगर]

पुलावरून पाहताना समोरचा डोंगर किती मोक्याचा आहे हे नकाशा न उघडताही समजते. त्यावर तोफ चढवली की रेवदंड्याचे बंदर तिच्या माऱ्यात येते. अहमदनगरच्या निजामशाहीने १५९४ मध्ये या डोंगरावर मोर्चेबंदी केली ती यासाठीच, आणि पोर्तुगिजांनी त्याच वर्षी तो जिंकून घेतला तोही यासाठीच. चढाई चालू असताना दरवाजात एक हत्ती कोसळला आणि त्याच्या धुडामुळे दरवाजा लावता आला नाही, असे पोर्तुगीज वृत्तांत सांगतात.

[दृश्य : दीपगृहाकडून वर जाणाऱ्या पायऱ्या, बुरूज, छप्पर गेलेले प्रार्थनास्थळ, टाके]

दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून आले की आपण गडाच्या साधारण मध्यावर पोहोचतो. माथा इतका अरुंद आहे की काही ठिकाणी एका तटावर उभे राहून दोन्हीकडचे पाणी दिसते. एकामागून एक दरवाजे लागतात, कारण अशा लांबट गडावर शत्रू एका टोकाने आत घुसला तरी त्याला पुढचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र लढून घ्यावा लागावा, अशी रचना केलेली आहे. मधोमध छप्पर नसलेले चर्च आहे, त्याच्याजवळ पाण्याचे टाके आहे, आणि जवळच महादेवाचे छोटे मंदिर आहे. चर्च पोर्तुगिजांचे, मंदिर मराठ्यांचे. १७३९ मध्ये वसई पडली, त्याच मोहिमेत चिमाजी अप्पांनी सुभानराव माणकरांना कोर्लईवर धाडले, आणि १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. नव्या धन्यांनी बुरुजांची नावे बदलली. सान फ्रान्सिस्को बुरूज गणेश बुरूज झाला. चिरे तेच राहिले.

[दृश्य : गडावरून खाली गाव, हळूहळू जवळ येत]

पोर्तुगीज फौज निघून गेली, पण गडाच्या सावलीत राहणारी ख्रिस्ती माणसे गेली नाहीत. ती जाणार तरी कुठे होती? त्यांच्या आया, आज्या याच किनाऱ्याच्या होत्या. पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक स्त्रिया यांच्या घरांतून, किल्ल्यावरच्या चाकरीतून आणि चर्चच्या प्रार्थनेतून एक बोली तयार झाली होती, आणि ती त्यांच्या तोंडी होती. ती आजही आहे. तिचे नाव नोलिंग, म्हणजे ‘आपली भाषा’.

[दृश्य : ख्रिस्ती वस्तीतील गल्ली, ओटीवर बसून बोलणाऱ्या दोन वृद्धा, मूळ आवाज दहा सेकंद, निवेदन नाही]

आता जे ऐकले त्यातले अनेक शब्द पोर्तुगीज आहेत, तरी लिस्बनहून आलेल्या माणसाला हे संभाषण सहज समजेल असे नाही. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्मापूर्वी येते, नोलिंगमध्ये ते मराठीसारखे शेवटी सरकले आहे. पोर्तुगीज क्रियापदाची लांबलचक रूपावली येथे झडून गेली आहे, आणि काळ दाखवण्याचे काम क्रियापदाची उरलेली मोजकी रूपे आणि काही छोटे शब्द करतात. म्हणजे शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची घडण पुष्कळशी मराठी, असा हा संसार आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे.

१७४० नंतर जिचा राजा गेला, बाजार गेला आणि कचेरी गेली, ती बोली पावणेतीनशे वर्षे कशी टिकली, हा प्रश्न पडतोच. एक कारण भूगोलाचे आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, पाठीशी डोंगर, आणि पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला होडी. दुसरे कारण कमी सुखावह आहे. धर्माने ही वस्ती आसपासच्या हिंदू-मुसलमान गावांपासून वेगळी पडली आणि जातीच्या भिंतींनी ते वेगळेपण पक्के केले. लग्ने वस्तीतल्या वस्तीत झाली, आणि घरातली भाषा घरातच राहिली. चर्चमध्ये मात्र पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंमुळे विसाव्या शतकातही ती भाषा कानावर पडत राहिली होती. आज तेथील प्रार्थना मराठीत होते.

[दृश्य : बंदर, मासळीचा लिलाव, घमेली डोक्यावर घेतलेल्या कोळिणी]

आपण मात्र या बोलीकडे परकी म्हणून पाहण्याचे कारण नाही. बंदरावर हा जो पुकारा चालला आहे त्याला आपण लिलाव म्हणतो, आणि तो शब्द पोर्तुगीज आहे. मावशींच्या डोक्यावरचे घमेले पोर्तुगीज. घरची चावी, महिन्याचा पगार, आंघोळीचा साबण, भाजीतला बटाटा आणि चहाबरोबरचा पाव, हे सारे त्याच वाटेने आपल्या तोंडी आले. आपण थोडे शब्द घेतले आणि कोर्लईने पुष्कळ घेतले, फरक एवढाच.

[दृश्य : शाळा सुटल्यावर घरी येणारी मुले]

नोलिंग बोलणारे हजाराच्या आत-बाहेर असतील. तिला स्वतःची लिपी नाही, शाळा मराठी आहे, आणि कामासाठी मुंबईला गेलेल्या घरांत ती पुढच्या पिढीकडे जातेच असे नाही.

[दृश्य : गावातील चर्च, बाहेर निघणारी माणसे, मग गडाचा तट आणि मावळता सूर्य]

दिवस कलला की गडावरची माणसे उतरू लागतात. परतीची एसटी चुकू नये म्हणून पायऱ्यांवर थोडी घाई असते. दीपगृहापासून गावाकडे वळणारी वाट मात्र उतरत्या उन्हात मोकळी असते, आणि त्या वाटेने पाच-दहा मिनिटे चालले की पुन्हा ती ओटी लागते. दोघी अजून तिथेच बसल्या आहेत. एकीच्या हातात निवडायची मेथी आहे. आतून नात काहीतरी विचारते, मराठीत. आजी नोलिंगमध्ये उत्तर देते, आणि नात ते समजून आत निघून जाते.

[मूळ आवाज. चित्र हळूहळू काळे.]