तेराव्या सर्गातलं झाड

मित्रहो, यंदा आपल्या नागपुरातल्या एम.ए.च्या मुलांना मी दान्तेचा ‘इन्फर्नो’ वाटून दिला. इटालियन कवी दान्ते या काव्यात स्वतःच नरकातून फिरतो आणि पाप्यांच्या शिक्षा पाहतो. एकेकानं चिठ्ठी उचलायची, त्यात आलेली शिक्षा वर्गापुढं दहा मिनिटं मांडायची.

या शिक्षांना ‘करावं तसं भरावं’ एवढं म्हणून भागत नाही. तिथं पापच रूप घेऊन माणसाच्या अंगावर येतं. पुढचं पाहू गेलेल्या ज्योतिष्यांच्या माना उलट्या फिरवलेल्या, त्यांचे अश्रू पाठीवरून ओघळतात. दांभिकांच्या अंगावर झगे, वरून सोन्याचा मुलामा, आतून शिसं. एका मुलीनं दप्तरात जाडजूड शब्दकोश कोंबले, वर सोनेरी कागद लावला आणि ते पाठीवर घेऊन दहा मिनिटं उभ्यानं बोलली. शेवटी तिला धाप लागली होती. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण त्या शिशाचं वजन मलाही तेव्हाच जाणवलं.

तेरावा सर्ग यवतमाळकडच्या एका मुलाला आला. आत्महत्या केलेल्यांचं वन. चिठ्ठी घेऊन तो टेबलाशी आला. “सर, मले दुसरं द्या न.” मी कारण विचारलं नाही. विदर्भात ते विचारावं लागत नाही. चिठ्ठी बदलून दिली. चार दिवसांनी तोच परत आला, म्हणाला, तेच करतो.

त्यानं पीपीटी आणली नव्हती. नुसता बोलला. देह टाकून गेलेल्यांची तिथं काटेरी झाडं होतात. फांदी मोडली तरच त्यांना बोलता येतं. रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात. दान्ते एक डहाळी मोडतो, तर ते झाड म्हणजे पिएर देल्ला विन्या, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा मंत्री. आपल्या मुळांची शपथ घेऊन तो सांगतो, मी धन्याशी बेइमानी केली नाही. मुलगा थांबला आणि म्हणाला, “सर, शिक्षा यानंच लिहिली. पण त्या झाडाले बोलू देल्लं.”

ती शिक्षा मला मान्य नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगितलं. निराशेनं गेलेला माणूस माझ्या लेखी पापी नाही. पण दान्तेला तरी ती कुठं पेलली? पुढचा प्रश्न तूच विचार, असं तो नरकात वाट दाखवणाऱ्या रोमन कवी व्हर्जिलला सांगतो. दयेनं दान्तेचाच कंठ दाटलेला असतो. १३०२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्याला स्वतःलाच फ्लॉरेन्समधून हद्दपार केलं होतं. आळ काय असतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

त्या वनात शेवटी एक झुडूप भेटतं. घरातच गळफास घेतलेला, फ्लॉरेन्सचाच कुणी, नाव नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी मागं लागलेल्या कुत्र्यांनी त्याची पानं ओरबाडलेली. माझी पानं माझ्या बुंध्याशी गोळा करा, एवढंच तो मागतो. चौदावा सर्ग उघडतो तो तिथंच. गावच्या मायेनं दान्ते वाकतो, विखुरलेली पानं वेचतो आणि त्याला परत देतो.

मुलगा इथं थांबला आणि जागेवर जाऊन बसला. पुढची चिठ्ठी कुणाची, हे त्या दिवशी मी विचारलं नाही.