चुकलेल्या वादळाची दिवाळी

श्रोतेहो, नमस्कार. आश्विन उतरणीला लागला, हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या आणि दुपारचे आभाळ भरून येऊ लागले की कोकणातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: समुद्रात काही आहे का? आज मी २०१९ सालच्या क्यार या चक्रीवादळाविषयी बोलणार आहे, म्हणजेच आपल्याकडे न आलेल्या वादळाविषयी. पुन्हा सांगतो, क्यार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेच नाही. ते आले नाही, तरी त्या दिवाळीत काय झाले, हे मला आपल्याला सांगायचे आहे.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि ते आधी आपल्याच किनाऱ्याकडे सरकू लागले. २५ ऑक्टोबरला वादळ रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटरवर होते. तेथून ते पश्चिमेला वळले, ओमानच्या दिशेने निघाले, २७ तारखेला त्याचे महाचक्रीवादळ झाले आणि पुढे जमिनीला न टेकता ते समुद्रातच विरले. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातले हे पहिलेच महाचक्रीवादळ होते. हवामान खात्याने ते ओमानच्या बाजूला जाईल असेच सांगितले होते, त्यामुळे ‘खात्याने उगीच घाबरवले’ असे जे नंतर बोलले गेले, ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

त्या दिवसांत मी देवगड तालुक्यात माझ्या आत्याकडे होतो. आत्याची भातजमीन वीस गुंठ्यांची. थोडी उघडीप मिळाली तशी तिने हळवे भात कापून घेतले होते आणि पेंढ्या वाळण्यासाठी शेतातच पसरल्या होत्या. कापलेले भात दोन दिवस उन्हात पडले की मग भारे बांधायचे, ही रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण ऊन आलेच नाही. पाऊस सुरू झाला तो थांबेना, वाऱ्याने माडांच्या झावळ्या अंगणात येऊन पडू लागल्या, वीज गेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गुडघाभर चिखलातून त्या पेंढ्या घरात आणायला सुरुवात केली. पडवी भरली, ओटी भरली, माजघरात जुनी लुगडी अंथरून त्यांवर लोंब्या पसरल्या, आणि शेवटचे भारे देवाच्या खोलीत ठेवावे लागले. चुलीत रात्रभर जाळ ठेवून आत्या एकेक पेंढी हाताने उलटत होती.

येथे मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आत्याच्या घराशेजारी पूर्वी एक मांगर होता, नळीच्या कौलांचा, हवा खेळती असलेला, गुरे आणि पेंढा दोन्ही सामावून घेणारा. तो पाडून त्या जागी स्लॅबची खोली झाली. स्लॅबच्या खोलीत ओले भात वाळत नाही, ते उबते. ज्यांच्याकडे अजून मांगर उभा आहे, त्यांनी तो मोडू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला आले होते. पहाटे अंघोळी झाल्या, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले, आणि मग नव्या भाताच्या पोह्यांची वेळ आली. आत्या ओटीवर गेली व तिने तळाची एक पेंढी उचलली, तर तिच्याबरोबर शेजारच्या चार पेंढ्या उचलल्या गेल्या. दाणे रुजून आले होते. प्रत्येक दाण्यातून पांढरा कोंब निघाला होता, खाली केसासारखी मुळे सुटली होती, आणि त्या मुळांनी पेंढीला पेंढी अशी विणली होती की ती जणू एक चटईच झाली होती. आंबूस वास घरभर पसरला होता. आत्याने त्यातला एक दाणा नखाने सोलला, आत पांढरे दूध निघाले, आणि तो तिने काही न बोलता तुळशीच्या कठड्यावर ठेवला. पोहे आम्ही दुकानातून आणलेले खाल्ले.

पाडव्याला मुंबईहून तिच्या मुलाचा फोन आला. त्याने दिवसभर दूरदर्शनवर नकाशा पाहिला होता आणि त्याच्या आवाजात खरा आनंद होता. तो म्हणाला, ‘‘आये, बरा झाला, वादळ चुकला!’’ आत्या म्हणाली, ‘‘वादळ चुकला रे, पण भात खंय चुकला?’’

श्रोतेहो, वादळ चुकले होते, भात चुकले नव्हते. बंदरात गेलो तर तेथेही हेच ऐकू येत होते. आसऱ्याला आलेल्या नौका शेजारी शेजारी नांगरून पडल्या होत्या, खलाशी जाळी शिवत बसले होते, आणि ऐन मासळीच्या हंगामातले दिवस बुडत होते. क्यार निघून जाते न जाते तोच ‘महा’ नावाचे दुसरे वादळ अरबी समुद्रात उठले आणि नौका पुन्हा अडकल्या. बाजारपेठेतली माणसे मात्र एकमेकांना ‘वाचलो’ म्हणत होती, आणि त्यांचेही काही खोटे नव्हते.

पुढे अवकाळी पावसाच्या नुकसानीबद्दल खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८,००० रुपये मदत जाहीर झाली, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत. वीस गुंठे म्हणजे साधारण हेक्टरचा पाचवा भाग, तेव्हा त्या हिशोबाने आत्याच्या वाट्याला सुमारे १,६०० रुपये येत होते. कापणीच्या मजुरीलाही ते पुरले नसते. कोकणातली शेती गुंठ्यांत मोजली जाते आणि मदत हेक्टरांत, हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते, म्हणून मी आजही सांगतो.

आत्याला पैशांपेक्षा बियाण्याची काळजी अधिक होती, कारण ती दरवर्षी घरचेच बी ठेवत असे आणि त्या वर्षी ठेवण्यासारखे मूठभरही राहिले नव्हते. वरच्या वाडीतल्या एका शेतकरणीचे भात गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, होते, ते क्यारच्या वेळी हिरवे उभे होते म्हणून वाचले. मे महिन्यात तिने आत्याला दोन पायली बी दिले. त्याचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, चांगला आला, लावणी वेळेवर झाली, आणि २०२० च्या दिवाळीला नव्या भाताचे पोहे कांडून झाल्यावर आत्याने पहिले माप पदराखाली झाकून वरच्या वाडीत नेऊन दिले.