इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर

नमस्कार श्रोतेहो. गाडी नीट चाललेली असते आणि अचानक डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. काहींची पाचावर धारण बसते, तर काही जण महिनोन् महिने त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आधी रंग बघा. ऑइलच्या किटलीचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. तिथे ‘घरापर्यंत जाऊ’ चालत नाही. आपला पिवळा दिवा वेगळा. तो मुख्यतः धुरावर लक्ष ठेवण्यासाठी आला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच ओळखून नोंदवण्याची, प्रणाली सक्तीची झाली, पुढे तशाच प्रणाली इतरत्रही आल्या.

आता दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर सावकाश घरी जा आणि दोन-चार दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर मात्र गाडी जोरात मिसिंग करते आहे, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. हे न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जातं आणि तिथे पेटतं. आतली जाळी चिनी मातीसारख्या पदार्थाची, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. ती वितळली की स्पार्क प्लग किंवा कॉइलवर भागणारं काम भलतंच महागात जातं. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जमेल तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा आणि गाडी टो करून न्या.

पेट्रोल भरल्यावर एक-दोन दिवसांत दिवा लागला असेल, तर आधी टाकीचं झाकण बघा. सैल झाकणातून वाफ निसटते आणि गाडीला तेही कळतं. कट्‌कट् आवाज येईपर्यंत फिरवा, रबरी रिंगला चीर गेली आहे का तेही पाहा. दिवा लगेच विझणार नाही. काही फेऱ्या ठीक झाल्यावरच तो जातो.

दिवा लागला की गाडी बिघाडाचा एक कोड नोंदवते आणि मेकॅनिक तो स्कॅनर जोडून वाचतो. पण हा कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे, आणि खिशाला खरी कात्री इथेच लागते. समजा ‘पी ०१७१’ आला. अर्थ एवढाच, की हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. ही बातमी देतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणून बऱ्याचदा बिचाऱ्या सेन्सरचाच बळी जातो. प्रत्यक्षात एखादा रबरी पाइप तडकलेला असतो. गाडी उभी असताना बॉनेट उघडून कान दिला तर बारीक फुसफुस ऐकूही येते. हवा मोजणारा सेन्सर मळलेला असेल, पेट्रोल पंप दमला असेल, तरी कोड तोच.

आणि ‘बॅटरीची वायर काढून दिवा घालवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. कोडबरोबर गाडीने त्या क्षणाची नोंदही ठेवलेली असते: वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं. वायर काढली की बहुधा तीही पुसली जाते आणि मेकॅनिकला अंधारात चाचपडावं लागतं. कोड आधी कागदावर लिहून घ्या, मग गाडी कामाला सोडा. पार्ट बदलूनही तोच कोड परत आला, तर तो कागद दाखवून विचारता येतं, की हा पार्ट बदलण्याआधी नेमकं काय तपासलं होतं?